अपडेटची रात्रपाळी

आमच्या वारणेच्या खोऱ्यात संगणक आला तो उसाच्या मागनं. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्था आणि केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी एक योजना काढली. ‘वायर्ड व्हिलेज’ हे तिचं नाव, म्हणजे तारेनं जोडलेलं गाव. उसाची नोंद, तोडीचा नंबर, वजन, बिल ह्यासाठी शेतकऱ्यानं कारखान्यावर हेलपाटे घालू नयेत, गावातच संगणकावर सगळं कळावं, असा बेत होता. त्या काळी आमच्याकडं टेलिफोनसुद्धा मोजक्या घरांत. त्यामुळं ह्या योजनेचा देशात बोलबाला झाला.

पण यंत्र गावात आलं की त्याच्या मागनं त्याचं तेलपाणीही येतं. ऑइल इंजिन आलं तेव्हा त्याच्या मागनं फिटर आला. विजेची मोटर आली तेव्हा जळलेली मोटर भरून देणारा आला. संगणकाचं तेलपाणी म्हणजे अपडेट. ते कुणी करायचं, कधी करायचं, आणि त्याला लागणारं इंटरनेट कुठनं आणायचं, ही खेड्यातली गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. मी दहावी शिकलेला माणूस. संगणकाची विद्या माझी नव्हे. पण पाण्याची पाळी धरण्यात माझी चाळीस वर्षं गेली आणि ह्या अपडेटचा पाण्याच्या पाळीशी लई जवळचा संबंध आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी अपडेट म्हणजे काय ते आमच्या भाषेत सांगतो. संगणक ज्या प्रोग्रामवर चालतो तो माणसांनीच लिहिलेला असतो. कितीही जपून लिहिला तरी त्यात कुठं तरी फट राहते. बांध घालताना दिसत नाही, पण पाणी साठलं की कुठल्या तरी बिळातनं गळती लागते, तसंच. ती फट चोराला आधी सापडली तर तो आत शिरतो. करणाऱ्याला आधी सापडली तर तो लिंपायला माती पाठवतो. ती माती म्हणजे अपडेट. माती आमच्यापर्यंत येते ती इंटरनेटच्या पाटातनं. आता पाट मोठा असला तर काही प्रश्न नाही. पण पाट करंगळीएवढा आणि माती गाडीभर, अशी वेळ आली की खरी गंमत सुरू होते.

सर्वसामान्य माणसासाठी इंटरनेट आपल्या देशात आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. ते टेलिफोनच्या तारेतनंच यायचं. मोडेम नावाची डबी कर्कश आवाज करायची, मग जोडणी लागायची. जोडणी चालू असेपर्यंत फोन अडकलेला. वर फोनचं मीटर पळतंय ते वेगळंच. सगळ्यात चांगला मोडेम ५६ केबीपीएसचा. म्हणजे हिशोबानं सेकंदाला ७ केबी. खेड्यातल्या तारेवर ४ किंवा ५ केबी मिळाले तरी नशीब. त्या काळात व्हायरसवरचं औषध लोक फ्लॉपीतनं आणि पुढं सीडीतनं गावाकडं आणायचे. पुण्याच्या क्विक हीलचं नाव तेव्हापासनं ऐकलेलं. ती कंपनी काढणारे कैलास काटकर मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासनं त्यांनी सुरुवात केली. आजही त्या कंपनीची अपडेटची फाइल वेगळी उतरवून घेता येते आणि इंटरनेट नसलेल्या संगणकात नेऊन टाकता येते. खेड्यातल्या माणसाला ह्या सोयीची किंमत कळते. पाट पोचत नाही तिथं आपण घागरीनं पाणी नेतोच की.

मग अपडेट आपोआप कधीपासनं यायला लागलं? त्याला एक किडा कारण झाला. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभरच्या विंडोजच्या संगणकांत शिरला. त्याची फट बुजवणारी माती मायक्रोसॉफ्टनं जुलैतच दिली होती. लोकांनी ती घेतलीच नव्हती. त्याच साली ऑक्टोबरपासनं कंपनीनं ठराविक दिवस लावला, महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत सकाळचे दहा वाजले की अपडेट सुटतं. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे आपल्या खेड्यातला संगणक बुधवारी सकाळी चालू झाला की ते दारात उभं. हा बुधवार पुढं आमच्या भागातल्या पोरांनी अमावास्येसारखा ध्यानात ठेवला.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीला ‘सर्व्हिस पॅक २’ नावाचं मोठं अपडेट आलं. आपोआप अपडेट चालू ठेवा, असा त्यात जोर होता. त्याची पूर्ण फाइल २६६ एमबीची. सेकंदाला ५ केबी धरा आणि हिशोब करा. पंधरा तास लागतात. पंधरा तास फोनची तार अडकून ठेवायची, आणि मधे लाइट जाऊ द्यायची नाही. त्या काळात आमच्याकडं लाइट असण्यापेक्षा नसण्याचेच तास जास्त. कंपनीनं ते अपडेट सीडीवरही पाठवायची सोय केली होती, ती बरी. आणखी एक चांगली गोष्ट एक्सपीत होती. उतरवणं मधेच तुटलं तर परत पहिल्यापासनं सुरू होत नसे, तुटलं तिथनं पुढं जोडून घ्यायचं, आणि तार रिकामी असेल तेवढीच वापरायचं. पाट फुटला तरी भिजलेल्या सऱ्या भिजलेल्याच राहतात, तसं ते काम.

जानेवारी २००५ ला बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. वेग २५६ केबीपीएस. दोनशे पन्नास रुपयांच्या योजनेत महिन्याला ४०० एमबी मिळायचे. त्यात ते २६६ एमबीचं एकच अपडेट घेतलं तर महिन्याचं दोन तृतीयांश पाणी एकाच वाफ्यात मुरलं. पण पाचशे रुपयांच्या योजनेत एक खुबी होती. रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजायचा नाही, पाहिजे तेवढं घ्या. शहरातल्या माणसाला रात्री दोनची वेळ विचित्र वाटली असंल. आम्हांला वाटली नाही. शेतीपंपाची वीज आम्हांला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्रीच मिळत आली. रात्री उठून, बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातनं दारं धरायला जाणं हे आमच्या हाडात मुरलेलं.

माझा पुतण्या त्या दिवसांत तालुक्याच्या गावी एका सायबर कॅफेत कामाला होता. सहा संगणक आणि तार एक. सकाळी सहाही संगणक चालू केले की सहाही तेच अपडेट सहा वेळा ओढायचे, आणि पैसे देऊन बसलेल्या गिऱ्हाइकाचं पान उघडायचं नाही. पोरांचे परीक्षेचे निकाल, नोकरीचे अर्ज अडकायचे. एक दिवस तो घरी आला आणि म्हणाला,

“तात्या, आज रातच्याला दोनला मला उठवा. कॅफेवर जायचं हाय.”

मी म्हटलं, “चोरी करतोस काय रं?”

“न्हाई ओ. अपडेट घ्यायचं हाय. दोननंतर फुकट असतंय.”

“मग उठवतो. माझी बी लाइट दोनलाच येतीया.”

त्या रात्री चुलता उसाला पाणी पाजत होता आणि पुतण्या संगणकाला. त्यानं काय केलं, तर पाच संगणकांचं आपोआप अपडेट थांबवलं. एकाच संगणकावर फायली उतरवल्या, सीडीवर घातल्या, आणि सकाळी आठच्या आत बाकीच्या पाचांना पाजल्या. सहा वेळा ओढायचं पाणी एकदाच ओढलं. मला त्यानं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आपल्या फडातलंच शास्त्र आहे. धुळे-नाशिककडं पांझरा-मोसम नद्यांवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी गावाच्या फडांना पाळीनं मिळतं, आणि वाफ्यांत पाणी सोडायला गावानं नेमलेले पाटकरी, बारेकरी असतात. मालकानं स्वतः दार फोडायचं नाही. पाणी थोडं असताना ज्यानं त्यानं आपापलं दार उघडलं तर कुणाचंच पीक भिजत नाही.

ह्याच सुमारास आमच्या खोऱ्यातल्या त्या पहिल्या योजनेला वेगळं वळण मिळालं. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी वारणेच्या सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातल्या संगणकाचं काम त्यांनी मोबाइलच्या एसएमएसवर करून बघितलं. संगणकावरची सगळी कामं त्यात झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना तेच जास्त आवडलं. संगणक करणाऱ्या कंपनीच्याच माणसांनी हे लिहून ठेवलं, ह्याचं मला कौतुक वाटतं. खेड्यात यंत्र विकत घेणं सोपं असतं, ते पोसणं अवघड असतं. साध्या मोबाइलला मातीची गाडी लागत नव्हती.

पण गाडी परत आली, आणि मोठी होऊन आली. सातबारा, दाखले, पीकविमा, शिष्यवृत्ती, सगळं संगणकावर गेलं. गावोगावी केंद्रं झाली. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं. घरगुती विंडोजमध्ये आता अपडेट नको म्हणायची सोयच राहिली नाही. पूर्वी विचारून यायचं, आता न विचारता यायला लागलं. वर्षातनं एकदोनदा येणारं मोठं अपडेट तर तीन-तीन जीबीचं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि खेड्यात फोर जी पोचायला लागलं. तार नसलेल्या केंद्रांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडले. संगणकाला काय कळतंय? त्याला वाटलं, हे वाय-फाय म्हणजे भरून वाहणारी विहीर. सकाळी दहाच्या आत दिवसाचा कोटा खलास. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं तीन जीबी उतरवायला साडेचार दिवस लागतात, ते पण एक मिनिट न थांबता.

मग पोरांनी दुसरं टोक गाठलं. कुणी अपडेटची सेवाच बंद करून टाकली, कुणी महिनोन्‌महिने जुन्या एक्सपीवर काम रेटलं. एक्सपीला माती पुरवणं कंपनीनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं होतं. आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. शंभरावर देशांत दोन लाखांवर संगणक ह्यानं धरले. आतल्या फायलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, असा त्याचा धंदा. ही फट बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दोन महिने आधी. म्हणजे २००३ ची गोष्ट चौदा वर्षांनी परत घडली. आपल्या देशात केरळच्या वायनाड जिल्ह्यातल्या तरियोड ग्रामपंचायतीचे संगणकही त्यात सापडले. ही बातमी वाचून मी चरकलो. विलायतेतली इस्पितळं सापडली हे ऐकून हळहळ वाटते, पण ग्रामपंचायत म्हटलं की आपलं दप्तर डोळ्यांपुढं येतं. जन्माच्या नोंदी, घरपट्टी, नळपट्टी. दप्तराला वाळवी लागलेली आम्ही बघितली होती. ही नव्या जातीची वाळवी.

त्याच पावसाळ्यात सरकारनं शेतकऱ्यांची कर्जमाफी काढली आणि अर्ज ऑनलाइन भरायला सांगितले. केंद्रांपुढं रांगा लागल्या. आमच्याजवळच्या एका केंद्रावर चालकानं अपडेट बरेच महिने थोपवून धरलं होतं. वॉनाक्रायच्या भीतीनं त्यानं ते परत मोकळं केलं. पण वेळ कुठली ते ठरवलं नाही. ऐन गर्दीच्या दिवशी लाइट गेली. आली तेव्हा संगणक चालू झाला तो निळ्या पडद्यावर आकडा दाखवत. काम चालू आहे, बंद करू नका. शे-दीडशे माणसं व्हरांड्यात आणि आकडा २७ टक्क्यांवर. तासाभरानं ३१. एक म्हातारबा म्हणाले, “ह्याच्या टक्क्यापरीस माझा ऊस लवकर वाढंल.” सगळे हसले, पण भांगलणीचा रोज बुडवून आलेल्या बाया हसत नव्हत्या. एक आजी वाडीवरनं चालत आली होती. कागद छातीशी धरून ती संध्याकाळपर्यंत बसली, आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढीच वाट चालून आली. अर्ज भरला गेला. पण त्या दोन दिवसांचं मोल अपडेट करणाऱ्याच्या हिशोबात कुठं लिहिलेलं नसतं.

त्याच हंगामात माझ्या पुतण्यानं, तो आता गावातच केंद्र चालवतो, पाळीचा तक्ता केला आणि पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगला. त्यातलं मला कळलं तेवढं सांगतो, कारण ते आजही कामाचं आहे. हॉटस्पॉटच्या जोडणीला त्यानं ‘मीटर्ड’ अशी खूण केली. म्हणजे संगणकाला सांगायचं की बाबा, हे पाणी मोजून मिळतंय. मग मोठं अपडेट तो आपल्या मनानं ओढत नाही. ही खूण प्रत्येक जोडणीला वेगळी करायला लागते. नवा मोबाइल जोडला की परत करायची. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ म्हणून एक सोय २०१६ मध्ये आली होती. त्यात त्यानं सकाळी आठ ते रात्री आठ भरलं. ह्या वेळात संगणक आपल्या मनानं बंद होऊन चालू होत नाही. केंद्रातल्या दोन संगणकांपैकी एकानं अपडेट घ्यायचं आणि दुसऱ्याला आतल्या आत द्यायचं, तीही सोय विंडोज १० मध्येच होती. बटण दाबायचाच उशीर. दुसऱ्या मंगळवारनंतर येणारी शनिवारची रात्र त्यानं अपडेटला दिली. रविवारी गर्दी नसते, काही बिघडलं तर निस्तरायला दिवस हातात राहतो. इन्व्हर्टर पूर्ण भरल्याशिवाय सुरुवात करायची नाही. उतरवताना लाइट गेली तर नुकसान नाही, पण बसवताना गेली तर संगणक आडवा होऊ शकतो.

आणि तक्त्याच्या शेवटी त्यानं लिहिलंय, ‘एक महिन्यापेक्षा जास्त थांबवायचं नाही.’ पुढं २०१९ मध्ये घरगुती विंडोजमध्येही अपडेट थांबवायची सोय आली, ती जास्तीत जास्त ३५ दिवसांची. मला हा आकडा आमच्या पोराच्या तक्त्याशी जुळला ह्याची मजा वाटली. उसाची पाळी लांबवता येते, पण किती लांबवायची त्याला माप असतं. त्याच्यापुढं गेलं की पानं पिवळी पडतात.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासनं राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा. ह्या ॲपची नवी आवृत्ती येते, तेव्हा ती घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आणि आमच्या डोंगराकडच्या रानात रेंज कुठली? बांधावर उभं राहून अपडेट घ्यायचं म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीवर मोट जोडायची. आता आमच्या आळीत रीत पडली आहे. पाहणी सुरू झाली की घरातल्या पोरांनी रात्री देवळापुढं, जिथं रेंज असते तिथं, सगळ्यांच्या मोबाइलवर ॲप ताजं करायचं. बाकीच्या ॲपना ‘फक्त वाय-फायवर’ असं सांगून ठेवायचं, म्हणजे ती मधे घुसत नाहीत. सकाळी मग म्हातारी माणसं निवांत रानात जातात.

ह्या सगळ्यातनं मला एक गोष्ट दिसते. अपडेट करणारा माणूस पाटाच्या हेडला बसलेला असतो. त्याच्या दारात पाणी चोवीस तास. आम्ही टेलचे शेतकरी. हेडच्या माणसाला टेलची तहान आपोआप कधीच कळत नाही. ती सांगायला लागते. म्हणून तर सिंचनात टेल टू हेड, म्हणजे आधी शेपटाला आणि मग तोंडाला पाणी, हा नियम करायला लागला. मीटर्डची खूण, कामाच्या वेळा, थांबवायची सोय, ह्या गोष्टी विंडोज १० मध्ये एकदम धड आल्या नाहीत. एकेक करत आल्या. तारेनं जोडलेल्या संगणकाला मीटर्डची खूण करता यायला २०१७ चं साल उजाडलं. लोकांनी ओरड केली म्हणून हे झालं, असं मला वाटतं. पाट ज्याच्या हातात आहे त्याच्याशी भांडायलाच लागतं, पण भांडण चालू असताना पीकही वाळू द्यायचं नसतं.

आता गावच्या ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार आली आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर वाहिनीची योजनाही आली आहे. दोन्ही रात्रपाळ्या हळूहळू कमी होतील, अशी आशा आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची माती बंद झाली, आणि नवं विंडोज ११ पुष्कळ जुन्या संगणकांवर बसतच नाही. आमच्या पंचक्रोशीत असे किती तरी संगणक शाळांत, सोसायट्यांत, केंद्रांत अजून धडधाकट चालतात. त्यांच्या बांधाला पडलेलं बीळ इथनं पुढं कोण लिंपणार? नवा संगणक घ्यायला शाळेकडं पैसा नाही आणि जुना उघडा ठेवायला परवडत नाही. पुतण्याच्या तक्त्यावर ह्याचं उत्तर अजून नाही. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तो विषय काढला आणि कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावला. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.